शाळेच्या परिसराचा नकाशा : शेवटचा बिंदू पहिल्या बिंदूला मिळत नाही

भूगोलशिक्षिका : आठवीच्या विद्यार्थ्यांकडून पावलांनी अंतर मोजून आणि होकायंत्राने दिशा घेऊन शाळेच्या परिसराचा नकाशा तयार करून घ्यायचा आहे व प्रदर्शनात त्याचे प्रात्यक्षिक दाखवायचे आहे. कुंपणाच्या कडेने सुमारे ४०० मीटरांची फेरी पूर्ण केली, तरी कागदावर पहिल्या व शेवटच्या बिंदूंत ८ मीटरांचे अंतर उरते. मुले शेवटची रेषा ओढूनताणून जुळवतात. योग्य पद्धत कोणती?

निवृत्त भूकरमापक : पावलांच्या मोजणीत २ टक्क्यांची तफावत मुळीच वाईट नाही. मात्र ती सगळी शेवटच्या रेषेवर लादू नये, कारण चूक तिथेच झाली असे मानायला काही आधार नसतो. १:५०० या प्रमाणात ८ मीटर म्हणजे १६ मिलिमीटर. प्रत्येक बाजू १०० मीटरांची असेल, तर दुसरा, तिसरा व चौथा कोपरा अनुक्रमे ४, ८ व १२ आणि शेवटचा बिंदू १६ मिलिमीटर सरकवावा. सरकवण्याची दिशा सर्वांसाठी एकच, शेवटच्या बिंदूकडून पहिल्या बिंदूकडे जाणारी. त्याआधी प्रत्येक बाजूची दिशा दोन्ही टोकांवरून अंशांत मोजावी. त्या दोन वाचनांत १८० अंशांचा फरक येत नसेल, तर जवळ लोखंडी फाटक, विजेचा खांब किंवा मुलाच्या खिशात मोबाइल आहे का, ते आधी पाहावे.

आकाशनिरीक्षक : महाराष्ट्रात चुंबकीय उत्तर आणि खरी उत्तर यांत एका अंशाहूनही कमी फरक असल्याने एवढ्या नकाशासाठी दुरुस्ती लागत नाही. काठीच्या सावलीने पडताळा घेणार असाल, तर मध्यान्हीची सावली उत्तरेकडेच पडते, असे मात्र सरसकट शिकवू नये. मेच्या मध्यापासून जुलैअखेरपर्यंत पुण्यात मध्यान्हीचा सूर्य डोक्याच्या उत्तरेला असतो आणि सावली दक्षिणेकडे पडते. काठीभोवती वर्तुळ आखून सकाळी व दुपारी सावलीचे टोक त्याला जिथे टेकते, ते दोन बिंदू जोडल्यास पूर्व-पश्चिम रेषा वर्षभर मिळते.

भूगोलशिक्षिका : दोघांचेही आभार. प्रदर्शनात दुरुस्तीपूर्वीचा नकाशा मांडावा का?

निवृत्त भूकरमापक : अवश्य. तो ट्रेसिंग पेपरवर काढून दुरुस्त नकाशावर ठेवावा आणि कोणता कोपरा किती सरकवला, हे मुलांनीच पट्टीने मोजून दाखवावे. दिशादर्शक बाण, प्रमाणरेषा, चिन्हसूची आणि मोजणीचा दिनांक दोन्हींवर हवा. परीक्षक बहुधा तेच आधी पाहतात.