मराठी स्क्रीन रीडरचा आवाज: एचटीएस की न्यूरल?

ध्वनिवेडा
स्क्रीन रीडर म्हणजे अंधांना पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर. त्यासाठी मराठीत मुक्त स्रोत आवाज करायचा विषय निघाला की हल्ली एकच उत्तर येतं: न्यूरल मॉडेल, म्हणजे कृत्रिम मज्जाजालावर शिकवलेला आवाज घ्या. माझं मत वेगळं आहे. आधी एचटीएस या आवाज घडवणाऱ्या जुन्या खुल्या सॉफ्टवेअरवर एक नीट मराठी आवाज झाला पाहिजे.

जपानच्या नागोया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या केइची तोकुदा यांच्या गटाने २००२ साली एचटीएस खुलं केलं. ते रेकॉर्डिंगचे तुकडे जोडून बोलत नाही. कोणता वर्ण कोणत्या वर्णांच्या शेजारी, शब्दात कुठे आलाय हे पाहून दर ५ मिलिसेकंदांचा वर्णपट (कोणत्या कंप्रतेचा जोर किती) आणि स्वराची उंची कशी असते, याची आकडेवारी ते शिकतं. साठवायची ती एवढी आकडेवारीच, म्हणून आवाज अगदी लहान जागेत मावतो आणि जुन्या लॅपटॉपवरही लगेच बोलतो. सुरुवातीला फक्त रशियन बोलणारं आरएचव्हॉइस हे खुलं बोलकं इंजिन याच पायावर उभं राहिलं. आज ते कितीतरी भाषा बोलतं, एनव्हीडीए या विंडोजवरच्या मोफत स्क्रीन रीडरमध्ये आणि अँड्रॉइडवर चालतं. मराठीला हे का नको?

कोकणकडा
साफ असहमत. सरासरी काढत गेल्यामुळे एचटीएसचा आवाज दबका आणि सपाट होतो. आवाजातला चढउतार परत आणणारी ग्लोबल व्हेरियन्सची दुरुस्ती लावा, तरी मागची भुणभुण जात नाही. अंध मुलाने गोष्टीचं पुस्तक या आवाजात तासभर ऐकायचं?

परवान्याचंही बघा. एचटीएसचा स्वतःचा परवाना बीएसडी पद्धतीचा, पण प्रशिक्षणाचा भाग म्हणजे केंब्रिजच्या एचटीके या ध्वनिप्रक्रियेच्या साधनसंचावर चढवायचा पॅच, म्हणजे त्याच्या कोडमधला बदल. ते एचटीके नोंदणी करून घ्यावं लागतं आणि पुढे कुणाला वाटता येत नाही. अर्धं घर भाड्याचंच झालं की. इकडे एआयफॉरभारत या भारतीय भाषांवर काम करणाऱ्या संशोधन गटाने आयआयटी मद्रासच्या ध्वनिसंग्रहावर शिकवलेली मॉडेल्स मराठीसकट खुली केली आहेत. पायपर हे खुलं न्यूरल इंजिन तर रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या स्वस्त संगणकावर चालतं. २००२च्या तंत्रात कष्ट कशाला घालायचे?

रातकिडा
मी दिवसभर एनव्हीडीएवर काम करतो, म्हणून लिहितोय. कळ दाबली की अक्षर त्याच क्षणी ऐकू आलं पाहिजे. एक्सेलमध्ये बाणाच्या कळा धडाधड दाबताना आवाज जरा जरी मागे रेंगाळला, तर आपण कुठल्या रकान्यात आहोत तेच कळत नाही. वेगही आम्ही खूप वाढवलेला असतो. त्या वेगाला इस्पीक एनजी हे नियमांवर चालणारं खुलं इंजिन यंत्रासारखं वाटतं, पण शब्द सुटत नाही. गोड आवाज मला पुस्तकाला हवा, कामाला नको. न्यूरल आवाजाची जाहिरात करणाऱ्यांनी तो तिप्पट वेगाने एकदा ऐकावा.

ध्वनिवेडा
@रातकिडा, अगदी हेच.
@कोकणकडा, एचटीके लागतं ते फक्त आवाज तयार करताना. वापरणाऱ्याकडे जातं ते एचटीएस इंजिन. त्याला एचटीकेची गरज नाही आणि ते मोकळेपणी वाटता येतं. तुम्ही म्हणता त्या पायपरला उच्चार कोण पुरवतं? इस्पीक एनजीच. ‘हे जग मोठं आहे’ मधला ज तालव्य (‘जीवन’मधल्यासारखा), ‘तू शंभर वर्षं जग’ मधला दंततालव्य (‘जागा’मधल्यासारखा). लिपीत दोन्ही सारखेच. नियमांनी हा फरक ओळखला नाही, तर आवाज कितीही मखमली असला तरी चुकीचंच बोलणार.

कोकणकडा
मग हा मुद्दा माझ्याच बाजूचा झाला! उच्चाराचे नियम आणि शब्दांचे उच्चार देणारा कोश हे इंजिनाबाहेरचं काम आहे. ते करा, ते दोघांनाही लागेल. त्यासाठी एचटीएसच हवं असं कुठे ठरतं?

ध्वनिवेडा
कोश बरोबर झाला की नाही, हे ऐकूनच कळतं. एचटीएसच्या डेमोत सीएमयू आर्क्टिक या खुल्या इंग्रजी ध्वनिसंग्रहातल्या एका व्यक्तीची ११३२ वाक्यं वापरतात, म्हणजे साधारण तासाभराचं रेकॉर्डिंग. त्यावर ग्राफिक्स कार्ड नसलेल्या साध्या संगणकावर आवाज उभा राहतो. चुकला तर नियम बदला, पुन्हा शिकवा. कॉलेजातली चार पोरंसुद्धा हे करू शकतात. महागड्या यंत्रावर भाड्याचे तास मोजत बसावं लागत नाही.

कोकणकडा
इंजिनाबद्दल माझं मत तेच आहे. पण तासाभराची वाक्यं लिहायला मी तयार आहे. दोन्ही ‘जग’, चार आणि चारा, ळ आणि ल शेजारी येतील अशी जोडवाक्यं त्यात घालतो. अट एकच: रेकॉर्डिंग क्रिएटिव्ह कॉमन्स या मुक्त वापराच्या परवान्याखाली खुलं राहिलं पाहिजे आणि बोलणाऱ्याची लेखी संमती आधी घेतली पाहिजे. त्याच वाक्यांवर मी पायपरही शिकवणार. दोन्ही आवाज रातकिडा यांच्या एनव्हीडीएत तिप्पट वेगाने लावू.

रातकिडा
एक्सेलवरच तपासेन. आकडे आणि तारखा यादीत भरपूर घ्या, ‘साडेअठ्ठावीस’ सारखे सुद्धा.