सतरा वर्षांखालील मुलींचा फुटबॉल विश्वचषक दरवर्षी घेणे योग्य आहे का?

प्रश्न: २००८ साली न्यूझीलंडमध्ये सुरू झालेली ही स्पर्धा २०२४पर्यंत, करोनाकाळातला खंड वगळता, दर दोन वर्षांनी १६ संघांत होत असे. २०२५पासून ती मोरोक्कोत दरवर्षी आणि २४ संघांत खेळवली जात आहे. त्यामुळे खेळाचा दर्जा खालावेल का?

प्रतिसाद १: मला हा बदल मनापासून योग्य वाटतो. पूर्वी जिचे सतरावे वर्ष स्पर्धा नसलेल्या साली येई, तिला सोळाव्या वर्षीच थोरल्या मुलींच्या बरोबरीने संघात जागा मिळवावी लागे. ते न जमल्यास संधी कायमची हुकत असे. हा अन्याय आता दूर झाला.

प्रतिसाद २: संधी वाढली हे खरे, पण दरी मोठी आहे. २०२२ साली यजमान भारताने तीन सामन्यांत १६ गोल स्वीकारले आणि एकही केला नाही. त्यांतले आठ एकट्या अमेरिकेचे होते. वयोगटांच्या नियमित देशांतर्गत स्पर्धांशिवाय अशा संघांना विश्वचषकातून फारसे काही मिळणार नाही.

प्रतिसाद ३: त्याच स्पर्धेत नायजेरियाने त्या बलाढ्य अमेरिकेला उपांत्यपूर्व फेरीत पेनल्टी शूटआउटमध्ये हरवले होते, हेही लक्षात घ्यावे. कोलंबियाने तर अंतिम सामन्यात स्पेनला अखेरच्या टप्प्यापर्यंत रोखून धरले आणि तो केवळ एका स्वयंगोलाने गमावला. त्या संघातील लिंडा कायसेदो पुढच्याच वर्षी वरिष्ठ विश्वचषकात जर्मनीविरुद्ध गोल करून गेली.