मदत हवी आहे: दोन माहितीपटांच्या मधल्या वेळेत कोणता सिगार बसेल?

महोत्सवात दोन खेळांमध्ये जेमतेम 40 मिनिटं मिळतात. 5 इंची, 50 रिंगचा (रिंग म्हणजे सिगारची जाडी, इंचाच्या 64व्या भागांत) रोबस्टो आकाराचा सिगार तासभर चालतो. घाईनं ओढला की तापतो आणि कडवट होतो. अर्धा ठेवून दीड तासाच्या माहितीपटानंतर पुन्हा पेटवला तर चव बिघडलेलीच. शिवाय त्या थोटकाचा वास अंधारात शेजाऱ्याला छळतो, ते वेगळंच. मग छोट्या आकारांपैकी 42 रिंगचा पेटिट कोरोना घ्यावा, की 90 मिमी लांबीचा हाफ कोरोना?

दुसरं, तिथल्या दुकानात नुकतेच वळलेले सिगार ओलसर असतात, एका बाजूनंच जळत जातात. एसीत उघडे ठेवले तर वरचं पान तडकतं. झिपच्या पिशवीत 65 टक्के आर्द्रता राखणारी पुडी घालून चार दिवसांत सुधारतील, की 62ची घ्यावी?