‘मेणबत्ती लाव’ला सेबुआनोत काय म्हणायचं?

नाईक काकू, ए-102: सोमण काका, प्राजक्ता, एक विचारायचं होतं. आमची ऋता फिलिपिन्सला, दवावला मेडिकलला निघालीय. तिकडे सेबुआनो भाषा बोलतात. तिच्या वहीत इंग्रजी ‘लाइट’, ‘बर्न’, ‘फायर’ यांच्यापुढे दहा शब्द आहेत. मेणबत्ती लावायची तर कोणता?

सोमण काका, सी-501: दागकोत. ‘दागकोती आंग कांदिला’ म्हणजे मेणबत्ती लाव. पण काकू, ती यादी इंग्रजीतून पाठ करू देऊ नका. इंग्रजीत चूलही ‘लाइट’, सिगारेटही ‘लाइट’, खोलीतला दिवाही ‘लाइट’. आपण दिवा लावतो, चूल पेटवतो, कचरा जाळतो. सेबुआनोची विभागणीही साधारण अशीच आहे. मराठी शब्द शेजारी लिहिले की निम्मं काम होतं.

प्राजक्ता, बी-303: हो काका. चुलीचा शब्द हालिंग. लाकडं रचून विस्तव तयार करणं, तेही बहुतेक स्वयंपाकासाठी. ‘नागहालिंग’ म्हणजे चूल पेटवतोय. मेणबत्तीला हालिंग म्हटलं तर समोरचा सरपण शोधायला लागेल 😄

सोमण काका, सी-501: सरपणाला सुगनोद. त्याचंच क्रियापद होतं, जाळात लाकूड सारणं. आणि इथे व्याकरण बघा. जे लाकूड आत जातं त्याला ‘इ-’ लागतो: इसुगनोद. पण जी वस्तू पेटते तिच्याकडे बोट दाखवायचं असेल तर मागे ‘-आन’, आज्ञेत ‘-ई’. म्हणून दागकोतान, दागकोती. नवशिका इथेच घसरतो, धातू बरोबर आणि प्रत्यय चुकीचा.

नाईक काकू, ए-102: आणि सुनोग? तिने ‘बर्न’ लिहिलंय. मेणबत्तीला चालेल?

सोमण काका, सी-501: अजिबात नको. ‘सुनोगा’ म्हणजे जाळून टाक. मेणबत्तीच संपवायला सांगितल्यासारखं होईल. घराला आग लागते ती सुनोग, भात करपतो तोही सुनोग. ऋताला हे मात्र पक्कं सांगा: हॉस्टेलात आग दिसली तर ‘सुनोग!’ ओरडायचं. ‘कालायो’ म्हणजे अग्नी, विस्तव. ते ओरडून कुणी पळणार नाही. तिथला आपत्कालीन नंबर 911.

प्राजक्ता, बी-303: दुसलित राहिला. जळती काडी किंवा टोक नुसतं टेकवून पेटवणं. फटाक्याची वात, डासांची कॉइल. कॉइलला तिकडे ‘कातोल’ म्हणतात आणि सेबुआनोत खाज सुटणे म्हणजेही कातोलच 🙈 आघात वेगळा. फटाक्यासाठी तो दवावमध्ये वापरायची वेळ येणार नाही, शहरात फटाक्यांवर बंदी आहे. सिगारेटला सिंदी जास्त ऐकू येईल, तो स्पॅनिशमधून आलाय. काडेपेटी पोसपोरो, तीही स्पॅनिशच.

देशपांडे, डी-204: कांदिला ऐकून आपला कंदील आठवला.

सोमण काका, सी-501: बरोबर आठवला! दोघांचं मूळ लॅटिन कांदेला. आपल्याकडे अरबी-फारसीतून आला, त्यांच्याकडे स्पॅनिशमधून. सेबू शहराच्या सांतो निन्यो बासिलिकेत, म्हणजे मोठ्या चर्चमध्ये, मेणबत्त्या लावायची जागा असते तिला दागकोतानान म्हणतात, म्हणजे लावण्याचं ठिकाण. 1 आणि 2 नोव्हेंबरला कालाग-कालागला, म्हणजे मृतांच्या स्मरणाच्या सणाला, कबरींवरही दागकोतच.

नाईक काकू, ए-102: आणि ‘सिगा’ आणि ‘दाओब’?

प्राजक्ता, बी-303: दाओब म्हणजे पालापाचोळा, कचरा ढीग करून जाळणं. सिगा म्हणजे उजळणं, दिवा पेटलेला असणं. दिवा सुगा, आणि ‘पालोंगा आंग सुगा’ म्हणजे दिवा बंद कर. विस्तव विझवायलाही पालोंगच.

सोमण काका, सी-501: सिगात एक सापळा आहे. टागालोगमध्ये, म्हणजे फिलिपिन्सच्या दुसऱ्या मोठ्या भाषेत, सिगा म्हणजे अंगणात कचरा पेटवणं. फिलिपिन्सच्या 1999 च्या स्वच्छ हवा कायद्यात कचरा जाळण्याच्या भट्ट्यांवर बंदी घालताना ‘सिगा’ला सूट आहे, ती या टागालोग अर्थाने. सेबुआनोच्या अर्थाने वाचलं तर दिव्याला सूट दिलीय असं वाटेल. त्या सवलतीवर विसंबून दाओब मात्र करू नये. 2000 चा घनकचरा कायदा, आर ए (रिपब्लिक अ‍ॅक्ट) 9003, उघड्यावर कचरा जाळायला मनाईच करतो.

प्राजक्ता, बी-303: असाच दुसरा सापळा इहाव. टागालोगमध्ये निखाऱ्यावर भाजणं, सेबुआनोत जनावर कापणं. भाजायला सुगबा म्हणायचं. कोळसा उलिंग. तो पेटवताना खाली नारळाच्या करवंट्या, बागोल. सोडण, म्हणजे बुनोत, वापरायचं तर कडकडीत वाळलेलं हवं, ओलं असलं की नुसता धूर. मग पायपायने, म्हणजे हातपंख्याने, वारा घालायचा. मासा लगेच नाही ठेवायचा, ज्वाळा बसून निखाऱ्यांवर राखेचा पांढरा थर आला की मग. चरबी टपकली की पुन्हा दिलाआब, म्हणजे भडका. आणि हो, धूर म्हणजे आसो. टागालोगमध्ये आसो म्हणजे कुत्रा!

देशपांडे, डी-204: 😂 मग कुत्र्याला?

प्राजक्ता, बी-303: इरो.

सोमण काका, सी-501: मेडिकलवालीसाठी एक खास. निखारा बागा, आणि फुफ्फुसही बागाच लिहितात. फुफ्फुसाच्या ‘बागा’च्या शेवटी घशात हलका झटका द्यायचा. पेशंटसमोर तो विसरला तर छातीत निखारे होतील.

नाईक काकू, ए-102: 😂 लिहून घेतलं. हे शब्द तिने कोशात शोधले तर दागकोत सापडेना म्हणते.

सोमण काका, सी-501: ती जॉन वुल्फ यांचा 1972 चा कोश बघत असेल. त्यात स्वर तीनच, आ, इ, उ. दागकोत नको, ‘दागकुत’ शोधायला सांगा. कालायोही तिथे ‘कालायु’ म्हणून आहे, सुगनोद ‘सुगनुद’.