रात्री उशिरा जेवून लगेच झोपल्यावर छातीत जळजळ, आबांसाठी काय करावं?

केळीवाला_रावेर
नमस्कार मंडळी, प्रश्न आमच्या आबांचा आहे, वय 61. आमच्या फिडरला आठवड्यातले काही दिवस रात्रीची लाईट असते, मग आबा संध्याकाळी चहा पिऊन मळ्यात जातात, लाईट आली की मोटर चालू करायची, ठिबकचे वॉल फिरवायचे, केळीला पाणी व्यवस्थित चाललंय बघायचं आणि घरी यायला अकरा वाजतात. मग कडकडून भूक, ताटात शेवभाजी, वर तर्री, दोन-तीन भाकरी, आणि हात धुतले की सरळ खाटेवर. मध्यरात्री उठून बसतात, घशाशी आंबट पाणी, छातीत आग, सकाळी आवाज बसलेला. खायचा सोडा पाण्यात टाकून पितात. शेजारचे काका म्हणतात रात्रीचं अन्न विष असतं, जेवण बंदच करा, आई म्हणते राबणारा माणूस उपाशी झोपणार कसा. आबांना शुगर पण आहे, रात्री जेवणाआधी गोळी असते. नक्की कोणाचं ऐकायचं?

औषधवाला_भुसावळ
भाऊ, मुख्य त्रास जेवून लगेच आडवं होण्याचा आहे. अन्ननलिका आणि जठर यांच्यामधे एक झडप असते, पोट गच्च भरलं आणि माणूस आडवा झाला की त्या झडपेवर दाब येतो आणि आम्ल वर सरकतं. जागेपणी आपण थुंकी गिळत असतो त्याने ते आम्ल धुतलं जातं, झोपेत लाळही कमी आणि गिळणंही कमी, म्हणून ते तिथेच राहतं आणि जाळत बसतं. सकाळी आवाज बसतो तो त्यामुळेच असू शकतो. तेलकट जेवण जठरातून उशिरा पुढे सरकतं, म्हणजे तर्रीचं जेवण अकराला झालं तर एकला पण पोट भरलेलंच. जेवण आणि झोप यात दोन-तीन तास पाहिजेत. खाटेच्या डोक्याकडच्या दोन्ही पायांखाली विटा द्या, सहा ते आठ इंच उंच. नुसत्या उशा वाढवू नका, त्याने माणूस पोटात वाकतो आणि दाब उलट वाढतो. डाव्या कुशीवर झोपायला सांगा, त्या कुशीवर जठर खालच्या बाजूला राहतं. तंबाखू असेल तर ती पण झडप ढिली करते, हे आबांना स्पष्ट सांगा.

धुळ्याची_वहिनी
दादा आमच्याकडे पण हेच होतं, कपाशी आणि कांदा, आणि पाणी द्यायचं रात्री. मी आता जेवणाची वेळच बदलून टाकलीये. सातला डबा भरायचा, यांनी मळ्यातच खाटेवर बसून जेवून घ्यायचं, नंतर वॉल फिरवण्यात आपोआप चालणं होतं आणि घरी येईपर्यंत पोट हलकं झालेलं असतं. घरी आल्यावर भूक वाटलीच तर वाटीभर मुगाची खिचडी, वरून कच्चं तेल न घेता (इथेच खरी भांडणं होतात, खिचडीवर तेल नाही म्हणजे आपल्याकडे जेवणच नाही). शेवभाजी, वरण-बट्टी, घोटलेली वांगी हे सगळं दुपारी. हिवाळ्यात भरीत पार्ट्या रात्रीच असतात, पऱ्हाटीवर (कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर) वांगी भाजून होईपर्यंतच दहा वाजतात, तेव्हा जेवण झाल्यावर तासन्‌तास शेकोटीजवळ गप्पा मारत बसा पण लगेच आडवं होऊ नका. माझ्या सासूबाई अहिराणीत रोज ओरडतात, जेवन करीसन लगेच खाटवर पडू नको. आमच्या गल्लीतली जैन मंडळी तर सूर्यास्ताआधीच जेवतात, आबांना ते जमणार नाही पण सातचा डबा नक्की जमेल.

जळगावकर77
विष वगैरे काही नसतं हो. पण रात्री शरीरात मेलाटोनिन (झोपेचं हार्मोन) वाढतं तेव्हा इन्सुलिन कमी सुटतं, त्यामुळे तेच जेवण उशिरा घेतलं की शुगर जास्त चढते. वजनाचं म्हणाल तर दिवसभरात एकूण किती खाल्लं हे पण बघावंच लागतं, फक्त घड्याळावर खापर फोडून चालत नाही.

औषधवाला_भुसावळ
जळगावकरांचं बरोबर आहे, पण त्यावरून कोणी रात्रीचं जेवण बंद करू नका!! आबा जेवणाआधी शुगरची गोळी घेतात, गोळी घेऊन जेवलेच नाहीत तर काही गोळ्यांनी शुगर एकदम खाली जाते, घाम, थरथर, चक्कर, आणि ते रात्री एकटे मळ्यात असतील तर विचार करा. जेवणाची वेळ सातला आणायची तर गोळीची वेळ पण डॉक्टरांना विचारून बदला. सोडा रोज नको, त्यात सोडियम भरपूर, बीपी असेल तर आणखी वाईट. आणि पॅन्टोप्राझोलसारखी गोळी डॉक्टरांनी दिली तर ती साधारण सकाळी उपाशीपोटी, खाण्याच्या अर्धा तास आधी असते, लोक जळजळ सुरू झाल्यावर घेतात आणि म्हणतात गुण येत नाही.

केळीवाला_रावेर
धन्यवाद सगळ्यांना. विटा आजच लावतो, डब्याचं आईशी बोललो, ती तयार आहे. एक विचारायचं राहिलं, कधीकधी आबा म्हणतात छाती भरून आल्यासारखी वाटते, ते पण ॲसिडिटीचंच ना?

औषधवाला_भुसावळ
भाऊ, हे घरी बसून ठरवू नका. 61 वय, त्यात शुगर, हृदयाचं दुखणं अगदी ॲसिडिटीसारखं वाटू शकतं आणि शुगरवाल्यांना तर नीट दुखत पण नाही. या आठवड्यातच ईसीजी काढून डॉक्टरांना दाखवा. भरून येताना घाम आला, दम लागला, हात किंवा जबडा दुखला तर सोडा देत बसू नका, 108 ला फोन करा नाहीतर मिळेल त्या गाडीने दवाखाना गाठा. घास अडकणं, काळी शी, वजन उतरणं यातलं काही असेल तर तेही त्याच वेळी सांगा, दुर्बिणीतून तपासायला लागेल.

धुळ्याची_वहिनी
दादा, मळ्यात जाताना मोबाईल चार्ज करून द्या आणि खिशात थोडी साखर किंवा गुळाचा खडा ठेवा. शुगर कमी झाली तर लगेच तोंडात टाकता येतो.