मिनिकॉय बेटावरचं रोजचं जगणं टिपायचंय, मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

पावसाळा संपला की लक्षद्वीपच्या दक्षिण टोकाच्या मिनिकॉय बेटावर फोटो काढायला जायचा बेत आहे. परवाना आणि कोचीहून जहाज, दोन्हीची माहिती काढून झालीये. अडलंय ते पुढचं.

निळं पाणी आणि 1885 चा दीपस्तंभ यांचे फोटो ढिगाने सापडतात. मला हवीये ती तिथली टुनाची, म्हणजे आपल्या कुप्याची मासेमारी. आधी लगूनमध्ये, म्हणजे प्रवाळाच्या कड्याआडच्या उथळ शांत पाण्यात, आमिषाची बारीक मासळी धरतात आणि बोटीतल्या पाण्याच्या कप्प्यात जिवंत ठेवतात. भर समुद्रात कुप्याचा घोळका दिसला की ती मासळी फेकायची, वरून पाण्याचे फवारे मारायचे आणि लांब काठीच्या गळाने एकेक मासा उपसायचा. गळाला उलटा काटा नसतो, त्यामुळे मासा बोटीत पडता पडताच सुटतो! तो अर्धा सेकंद मला पकडायचाय. पण चहूबाजूंनी खारं पाणी उडत असताना कॅमेरा कसा सांभाळता? नुसतं रेनकव्हर पुरतं का? आणि बोटीत कुठे उभं राहिलं तर काठ्यांच्या मध्ये येणार नाही?

त्याहून मोठा प्रश्न किनाऱ्यावरचा आहे. मासा उकडून, धुरी देऊन, उन्हात वाळवून लाकडासारखा कडक 'मास' करतात. ते काम जवळून टिपायचं तर लोकांच्या अंगणात शिरावं लागणार. कोकणात हर्णै बंदरावर मासळीच्या लिलावाचे फोटो काढते तेव्हा मावश्या ओळखीच्या असतात, "काढ गो" म्हणतात. मिनिकॉयला बोलतात ती 'महल' भाषा, मला मल्याळमही येत नाही. प्रत्येक गावाचे पुरुषांचे आणि बायकांचे प्रमुख वेगवेगळे असतात असं वाचलंय. मग परवानगी आधी कुणाकडे मागायची? घरच्या बाईने हो म्हटलं तरी गावातल्या मोठ्यांना विचारायलाच हवं ना? सुरुवातीला कॅमेरा बाहेरच काढू नये असं माझं मत आहे, पण मुक्काम मोजकाच असेल, म्हणून तिथे राहून आलेल्यांचा अनुभव हवाय.

शेवटचं: ज्यांचे फोटो काढीन त्यांच्या हातात प्रिंट द्यायचीच आहे. छोटा प्रिंटर सोबत नेऊ, की परत आल्यावर पोस्टाने पाठवू? मिनिकॉयला पोस्टाने काही पाठवलं असेल कुणी, तर किती दिवसांत पोचलं ते नक्की सांगा.