केसतोड, पुळ्या, करट : तुमच्या घरातले अनुभव सांगाल का?

उन्हाळा आला की आमच्या घरात कुणाला ना कुणाला केसतोड होतेच. यंदा धाकट्याला झाली. वय १५, रोज दोन तास कबड्डी, आणि घामाने भिजलेली हाफपँट तशीच अंगावर ठेवून क्लासला पळायचा. मांडीच्या मागे आधी लाल ठिपके आले, मग प्रत्येकाच्या टोकाला पिवळा पू धरला. उजेडात नेऊन पाहिलं तर प्रत्येक पुळीच्या मधोमध एक केस! सासूबाई नेहमी म्हणतात, "केस दुखावला की केसतोड होते." ते मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. त्याने एक पुळी नखाने फोडली आणि चार दिवसांत तिथे लिंबाएवढं करट झालं. बसता येईना लेकराला.

त्वचेच्या डॉक्टरांनी समजावलं की केस ज्या इवल्याशा पिशवीतून उगवतो, तिलाच सूज येते. बहुतेक वेळा कारण स्टॅफिलोकॉकस ऑरियस हा जंतू. तो कितीतरी धडधाकट माणसांच्या नाकात मुक्कामाला असतो. घाम, घट्ट कपडे, वस्तरा यांनी कातडी सोलवटली की आत शिरतो. करट त्यांनीच चिरून साफ केलं. बाकीच्या पुळ्यांना गरम पाण्यात पिळलेल्या फडक्याने १०-१५ मिनिटं शेक, दिवसातून तीनदा, आणि म्युपिरोसिनचं मलम. सासूबाईंच्या कणीक-हळदीच्या पोटिसाबद्दलही विचारलं. ऊब कामाची आहे, पण फुटलेल्या जागेवर कणीक नको, असं डॉक्टर म्हणाल्या.

आम्ही मात्र आंब्याच्या उष्णतेने होतं असं समजून दोन वर्षं त्याचे आंबे बंद करून बसलो होतो. त्याचं फार वाईट वाटतं. तुम्हाला काय झालं, कशाने बरं वाटलं, काय करायला नको होतं, ते मोकळेपणाने लिहा.

———

ताई, माझा त्रास दाढीचा. सुरक्षारक्षक आहे, रोज गुळगुळीत दाढी सक्तीची. केस कुरळे, कापलेलं टोक वळून परत कातडीत घुसतं आणि गळाभर पुळ्या. मी जंतू मारणारी औषधं लावत राहिलो, पण मुळात जंतूंचं दुखणंच नव्हतं. आता ट्रिमरने जरासे खुंट ठेवतो, उलटा हात फिरवत नाही. साहेबांना डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली, ते समजून घेतात. महिन्याभरात गळा निवळला.

———

मी चिपळूणची. माझं लिहिणं जरा लांबेल, कारण माझ्यासारखी चूक कुणी करू नये असं मनापासून वाटतं.

पावसाळ्यात छातीवर आणि पाठीवर बारीक पुळ्या आल्या. सगळ्या एकाच मापाच्या, जणू मोहरी पेरलेली, आणि खाज इतकी की रात्री उठून बसायची. औषधाच्या दुकानातून एक ट्यूब आणली. दोन दिवसांत खाज गेली, मला देवच भेटल्यासारखं झालं. थांबवली की दुप्पट. असं चार महिने चाललं. नंतर कळलं की त्यात तीव्र स्टिरॉइड होतं. कातडी पातळ होऊन काखेजवळ लाल रेघा उमटल्या, त्या आजही आहेत. मध्ये एकांनी मुरमं समजून अँटिबायोटिक गोळ्या दिल्या, त्यांनी तर पाठ भरून गेली.

शेवटी रत्नागिरीच्या डॉक्टरांनी एक पुळी खरवडून काचपट्टीवर घेतली, सूक्ष्मदर्शकाखाली बघितली आणि म्हणाले, "ही बुरशी आहे." मलासेझिया म्हणून जात, सगळ्यांच्याच अंगावर असते, तेल आणि दमट हवा मिळाली की माजते. अँटिबायोटिकने तिला अडवणारे जंतू मरतात, म्हणून ती वाढली. केटोकोनॅझोलचा शांपू पाठीला फासून काही मिनिटांनी धुवायचा आणि सोबत बुरशीवरच्या गोळ्या, एवढ्यावर तीन आठवड्यांत खाज थांबली. खोबरेल अंगाला चोळणं मी पावसाळ्यापुरतं सोडलंय. पुळी खाजते की दुखते, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. माझं निदान तिथूनच सुरू झालं.

———

कॅनडात राहतो. मित्रांसोबत हॉटेलच्या गरम पाण्याच्या टबात बसलो, दुसऱ्या दिवशी चड्डीखालच्या भागावर पुरळ. टबातल्या क्लोरीनकडे लक्ष नसलं की स्यूडोमोनस नावाचे जंतू वाढतात म्हणे. औषध काही दिलं नाही, आठवड्याभरात आपोआप गेलं.

———

माझ्या वडिलांच्या मानेवर करट झालं. "होईल बरं" म्हणत त्यांनी उपरण्याखाली झाकून ठेवलं. आठव्या दिवशी आईने उपरणं काढलं तर चाळणीसारखी पाच-सहा तोंडं, ताप, मान वळेना. आमच्याकडे याला काळपुळी म्हणतात. दवाखान्यात आधी रक्त तपासलं, साखर ३४० निघाली. मधुमेह आहे हे त्या दिवशी घराला कळलं. ऑपरेशन झालं, जखम भरायला दीड महिना गेला. घरात कुणाला पुन्हापुन्हा करटं होत असतील तर हात जोडून सांगतो, मलमाआधी साखर तपासा.

———

मला काखेत दर महिन्या-दीड महिन्याने गाठ येते, फुटते, परत तिथेच येते. खाली दोरीसारखं लागतं. केसतोडच ना ही? लाजेने कुणाला दाखवलेली नाही.

———

ताई, माझ्या बहिणीला अगदी असंच होतं, काखेत आणि जांघेत. सहा वर्षं केसतोड म्हणून फोडत राहिली. तो हायड्राडेनायटिस नावाचा वेगळा आजार निघाला. तो अस्वच्छतेने होत नाही, लाजण्यासारखं त्यात काही नाही, आणि त्याला वेगळी औषधं आहेत. तुमचं तेच आहे की नाही, ते तपासल्यावरच कळेल. दाबू नका, या आठवड्यातच त्वचारोगतज्ज्ञांकडे जा. एकटीला जड वाटत असेल तर सोबत कुणाला तरी न्या. माझी बहीण मला घेऊन गेली होती.